तलावावरचा घास

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बत्तीस वर्षं लाईनमन होतो. लॉगबुकात लिहायचो, "फेज तुटला, जोडला, सप्लाय चालू." याच्यापेक्षा जास्त लिहायची कधी गरज पडली नाही. आज हे कोरं लॉगबुक पेटीतून काढलं, कारण संस्कृतीनं जाताना बजावलं, "बाबा, फॉर्म तं भरायचाच आहे, त्याच्यासंगं रोज चार ओळी मनातल्याबी लिहत जा. घरात बोलायले कोणी नाही तुमाले." मनातलं काय लिहावं बाप्पा! मनात गुडघे आहेत, दुसरं काही नाही.

संस्कृती माझी एकुलती एक. कोकणात बंदराच्या गावी राहते अन् समुद्रावरच्या पाखरांवर पीएच.डी. करून राह्यली. शहरापाशी राहून पाखरांच्या खाण्याच्या सवयी कशा बदलतात, असा तिचा विषय. समुद्रावर कुरव नावाचं एक पांढरं पाखरू असते. ते तिथं माणसांच्या हातचं खायले सोकावलं आहे म्हणते. थंडीत त्यातले काही आपल्या मालेगावच्या बाहेरच्या तलावावर उतरतात. "इथं आल्यावर ते मासे पकडतात का माणसाच्या मागं लागतात, हे कोणीच पाह्यलं नाही बाबा. हे आकडे नाही मिळाले तं माझं शेवटचं प्रकरण उभंच राहत नाही. यंदाचं शेवटचं वर्ष आहे."

म्हणून मी. पाखरांशी माझा संबंध एवढाच, की ते तारेवर चिकटून मेलं की मले फोन यायचा.

फॉर्मात पाच रकाने. वेळ. किती. कुठं. काय खाल्लं. अन् शेवटचा, "माणसाने दिलं का? असल्यास कोणी?" त्याच्याखाली तिनं बारीक अक्षरात छापलं आहे: ढाबेवाला, मासेमार, फिरायला आलेले. यातलं एक ठेवून बाकीचे खोडायचे. दुर्बीणबी देऊन गेली. उद्यापासून जातो. नाही तरी सकाळी उठून करायचं काय असते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आले. नऊ. बगळ्याहून बुटके, लाल पाय, लाल चोच, कानामागं काळा ठिपका. तलावाच्या मधोमध बसले होते. मासे पकडतात, पण काही फार हुशारीनं नाही.

जाताना लुनाच्या हँडलले डबा अडकवून नेतो. संस्कृतीची माय होळीनंतरच्या अष्टमीले गेली. तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीनं, रत्नमालाताईनं, सांगतलं होतं, "जगदेव, वरीसभर रोज सकाळी तिच्या नावानं घास टाकजो. कावळ्यानं खाल्ला म्हणजे तिले पोचला." सात महिने गच्चीवर टाकला. मंग शेजाऱ्यानं लिंबाचं झाड तोडलं, कावळे गेले. घास उन्हात वाळून जाये अन् मले लय वाईट वाटे. उपाशी राह्यली असं वाटे. तलावाच्या काठी बबलूचा ढाबा आहे, त्याच्या मागं कावळेच कावळे. एका फेरीत दोन कामं.

घासात पोळीचा कुस्करा, गूळ, अन् वर मूठभर तिखट शेव. चहासोबत तिले शेव लागे. डॉक्टरनं बंद केली तरी डाळीच्या डब्यामागं लपवून ठेवे अन् मले म्हणे, मी कुठं खाते.

काठावर एक सपाट दगड आहे, साडेसातले पोचल्याबरोबर त्याच्यावर घास ठेवला. हात जोडले. मंग फॉर्म भरला. शेवटच्या रकान्यात "नाही".

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चौदा. त्यातल्या एकानं आज कावळ्याच्या आधी घास उचलला. मी ढेकूळ मारलं. अरे, तो निवद कावळ्याचा, तुले कोणी बोलावलं? मेल्यानं शेव तेवढी वेचून खाल्ली अन् कुस्करा कावळ्यांसाठी सोडला.

मंग बाकीचे कुरव उतरले, त्यायनं तोही ठेवला नाही.

फॉर्मात "काय खाल्लं" मध्ये संस्कृतीनं दोनच शब्द शिकवले आहेत, मासा नाही तं काठावरचं. मी "काठावरचं" लिहिलं. माणसाने दिलं का? नाही. बबलू त्यायले काही देत नाही, मासेमारही देत नाहीत, अन् फिरायले या थंडीत माझ्याशिवाय कोणी येत नाही.

९ डिसेंबर, सोमवार

संस्कृतीचा फोन. आवाज एवढा खुश की मले वाटलं नोकरी लागली.

"बाबा, तुमच्या आकड्यात एक भारी गोष्ट आहे. साडेसातपर्यंत ते मधात असतात, अन् साडेसातले काठावर येतात. रोज! तेव्हा तिथं काय होते?"

मी म्हणलं, "ढाब्यावर घंटागाडी येते. गाणं वाजवत."

"तेच! माणूस तं त्यायले काही देत नाही, तुमचा रकाना रोज 'नाही' आहे. म्हणजे त्यायनं गाडीचं गाणं ओळखलं. कचरा येते हे त्यायले समजलं बाबा!"

मीबी खुश झालो. खोटं कशाले बोलू. रिटायर झाल्यापासून माझ्या हातून काही काम झालं असं कोणी म्हणलं नव्हतं. संध्याकाळी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२१ डिसेंबर, शनिवार

थंडी. गुडघे. सतरा. काठावरचं. नाही.

७ जानेवारी, मंगळवार

तीन दिवस ताप होता, गेलो नाही. घास खिडकीत ठेवला, तिथं मुंग्या लागल्या. आज गेलो तं बबलू चहा घेऊन बाहेर आला. पोरगा चांगला आहे, बडबड्या आहे.

"काका, कुठं गायब झाले होते? तुमचे ते बगळे तीन दिस त्या दगडाभोवती बसून राह्यले होते."

"कुरव आहेत ते. घंटागाडीची वाट पाहत असतीन."

"गाडी येऊन गेली ना काका! गाणं वाजलं, कचरा भरला, गाडी गेली. त्यायनं मुंडी वळवली नाही. तुमची लुना फटफट करत आली तवा पाहा कसे उठले आज."

ढाबा चालवणाऱ्याले पाखरातलं काय कळते. पण चहा चांगला होता. पाखरं माझी वाट पाहतात हे ऐकून बरं वाटलं, हेबी लिहून ठेवतो. घरी माझी वाट पाहणारं कोणी नाही.

बावीस. नाही.

२६ जानेवारी, रविवार

संस्कृतीचा निबंध सेमिनारले घेतला. २२ फेब्रुवारीले बाहेरगावचे मोठे लोक येणार, त्यायच्यापुढं तिले अर्धा घंटा बोलायचं आहे. तिचे सर म्हणाले, घंटागाडीचा हा प्रकार आपल्याकडं कोणी लिहिला नाही. हे जमलं तं प्रबंध जूनमधीच जमा होते.

मी सहज इचारलं, "तिकडं समुद्रावर लोक त्यायले देतात तरी काय?"

"शेव. लाँचमधून जाताना पाकिटं फोडतात अन् हवेत फेकतात. कुरव शेव लांबून ओळखतात बाबा. हातातून नेतात."

मी म्हणलं, "असं का." मंग तिनं जेवणाचं इचारलं, गोळ्यांचं इचारलं. मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

आज लुना नेली नाही. डबाही नेला नाही. कसाबसा पायी गेलो, गुडघ्यानं जीव घेतला. दगडापासून लांब बाभळीखाली बसलो.

साडेसातले घंटागाडी आली. गाणं वाजलं. बबलूनं दोन डबे उलटे केले. गाडी गेली. चोवीस पाखरं तलावाच्या मधात, एक हललं नाही.

मंग घरी आलो, लुना काढली, डबा घेतला, परत गेलो. साडेनऊ वाजले होते. त्यायची वेळ नव्हती ती. लुना बंद करून डब्याचं झाकण काढलं. फक्त झाकण. चोवीसच्या चोवीस माझ्या डोक्यावर.

गाडी-बिडी काही नाही. मीच आहे.

घास तसाच दगडावर ठेवला. हात जोडायचं लक्षात राह्यलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

चार दिवस झाले, अजून सांगतलं नाही.

मी स्वतःले म्हणतो, मी फॉर्मात खोटं कुठं लिहिलं? माणसानं पाखराले दिलं का? नाही दिलं. मी संस्कृतीच्या मायले दिलं. दोन अलग गोष्टी आहेत. घास म्हणजे काही खाद्य नाही. देवळात नारळ फोडला तं आपण उंदराले खोबरं दिलं असं लिहितो का? हे मले अजूनही बरोबर वाटते. पण पाखराले ते कुठं ठाऊक.

न सांगतलं तं कोणाले कळते? एकट्या बबलूले. तो काय सेमिनारले जाणार आहे? पोरगी जूनमधी डॉक्टर होते. पाच वर्षं झाली तिच्या या कामाले. मायच्या शेवटच्या दिवसांत आली ते किती, बारा दिवस. बाकी सारं या पाखरांले दिलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती आज लिहूनच टाकतो. कामरगावच्या लाईनवर माझा जोडीदार लाईनमन सेवालाल खांबावर चढून राह्यला होता, खाली मी. वर जाणारा खालच्याले इचारतो, बंद आहे ना? खालच्यानं तार तपासून सांगायचं असते. मी तपासली नाही. मले वाटलं बंदच असणार. मी म्हणलं, "बंद आहे, चढ." सेवालालची दोन बोटं गेली. त्यानं आजपर्यंत मले एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, दिवाळीले त्याच हातानं लाडू देते. मी लाडू घेतो अन् त्या हाताकडं पाहत नाही.

२२ तारखेले पोरगी वर चढणार आहे, माझ्या शब्दावर.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगतलं.

आधी तिले कळलंच नाही. "कोणता घास, बाबा?" मंग सारं सांगतलं, दगड, डबा, कुस्करा, शेव.

मंग म्हणली, "रोज?"

"रोज."

"बाबा, रकाना होता ना! शेवटचा रकाना त्याच्यासाठीच होता ना!"

"ते तुह्या मायसाठी होतं, पाखरासाठी नव्हतं. म्हणून नाही लिहिलं."

"तीन महिन्याचे आकडे आहेत बाबा!" एवढंच म्हणली अन् तिचा आवाज फाटला. तिनं फोन ठेवला.

मी अंगणात बसून राह्यलो. दुपारी जेवलो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फोन नाही. मी केला, उचलला नाही.

रत्नमालाताई आली होती. तिले सांगतलं तं म्हणली, "तू बी ना जगदेव! पोरीले कायले सांगत बसला? पाखरू खाते का कावळा खाते, पाखराचीच जात." मंग म्हणली, "कावळा शिवला तं होता ना पण, मधामधात?"

मी हो म्हणलं. ताई गेल्यावर मी फॉर्मांची थप्पी काढून पाह्यली. त्यात कावळ्यांचा रकानाच नाही.

घास चालू आहे. पाखरं पंचवीस. मले आता त्यायचा राग येते, अन् थकलोबी आहे. रागानं ढेकूळ उचलतो अन् परत ठेवतो.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी फाटक वाजलं. संस्कृती. खांद्यावर बॅग, डोळे सुजलेले. रातभर बसमधी होती. "चला," म्हणली, "तलावावर." चहाबी घेतला नाही.

तिनं मले नेहमीसारखंच सारं करायले लावलं अन् स्वतः बाभळीखाली बसली. मी डबा उघडला. पंचवीसही आले, पायाशी, डोक्यावर, एक तं हँडलवर. पोरगी वही काढून लिहत होती. मधातच थांबली अन् तोंडावर ओढणी घेतली. हसून राह्यली का रडून राह्यली मले लांबून कळलं नाही.

मंग जवळ आली. निबंध तिनं मागं घेतला. सर लय बोलले म्हणे. जूनचं गेलं, आता एक वरीस पुढं. मी माफी मागायले तोंड उघडलं तं म्हणली, "राहू द्या. आधी एक काम करा. दहा दिवस यायचं, रोज, याच वेळी, लुनावर. डबा आणायचा नाही. ते काय करतात ते लिहायचं. सारं लिहायचं या वेळी."

"अन् घास?"

"घरी टाका."

"घरी कावळा येत नाही. होळीनंतर वरीस भरते तिचं, शेवटचा महिना आहे. तुह्या अभ्यासापायी तिले उपाशी ठेवू?"

मी ओरडलोच. बबलू ढाब्यातून पाहून राह्यला होता.

पोरगी ओरडली नाही. हळूच म्हणली, "बाबा, खरं सांगा. या तीन महिन्यात कावळ्यानं किती दिवस खाल्लं?"

मी हिशोब करायले लागलो. पहिले बारा-तेरा दिवस. मंग नाही. एकही दिवस नाही. रत्नमालाताईले मी खोटं सांगतलं होतं. नोव्हेंबरपासून तिले काहीच पोचलं नाही, अन् मी रोज हात जोडून घरी जात होतो. मले ते दिसत होतं. पाहायचं नव्हतं म्हणून नाही पाह्यलं. कोणीतरी खाऊन राह्यलं, एवढ्यावरच मी खुश होतो.

दगडावर बसलो. पोरगी शेजारी बसली. मंग मी म्हणलं, "ठीक आहे. दहा दिवस."

संध्याकाळच्या बसनं ती गेली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पहिला दिवस. पंचवीस आले. दगडाभोवती उभे. अर्धा घंटा. मी हात उघडून दाखवले. पाखराले हात दाखवतो, वेडाच झालो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तिसरा. एकवीस. ओरडतात. एकानं लुनाच्या सीटवर घाण केली. खिशात शेवेचं पाकीट होतं, खरं सांगतो. काढलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचवा. नऊ दगडापाशी, बाकी बबलूच्या ढाब्यामागं. बबलू म्हणे, "काका, तुमचं पाप माह्या दारात आलं." माणसाने दिलं का? नाही. आज हा "नाही" लिहिताना पहिल्यांदा हात जड झाला.

उद्या २२. सेमिनारले तिच्या जागी दुसरं कोणी बोलणार.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आठवा. दोन. एक तरणं, पंखावर भुरे पट्टे असलेलं, अन् एक जे नेहमी हँडलवर बसे. बाकीचे मधात. सूर मारतात, चुकतात, परत मारतात. दुर्बिणीतून पाह्यलं, एकाच्या चोचीत बोटाएवढा मासा होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दहावा. लुना फटफट करत गेली, थांबली. एकानंही मान वळवली नाही.

मले आनंद व्हायले पाहिजे होता. नाही झाला. दहा दिवसांत विसरले. त्यायले माझी गरज नव्हती, मलेच त्यायची होती. सत्तावीस, सारे पाण्यात. मासा. नाही.

९ मार्च, रविवार

चार उरले. बाकी उडून गेले असतीन आपल्या देशी.

संस्कृतीचा फोन. सरांनी ते दहा दिवस पाह्यले. म्हणाले, घास असतानाचं अन् घास बंद केल्यावरचं दोन्ही नीट मांडलं तं काही तरी होईल, पण पुढच्या थंडीत पुन्हा पाहा लागन. "म्हणजे अजून एक वरीस, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. माझ्यासारखा.

"मी करतो ना," मी म्हणलं.

"पाहू," म्हणली. तिनं हो म्हणलं नाही.

२२ मार्च, शनिवार

आज वरीस भरलं. संस्कृती काल आली. रत्नमालाताई पहाटेपासून सैपाकात. ताईले वाटे गच्चीवर घास ठेवावा, मी म्हणलं तलावावर. तिघं गेलो.

तलाव खाली गेला आहे, काठ भेगाळला. कुरव एकही नाही. दगडावर पान मांडलं. पुरण, वडे, भात, कढी, अन् मी खिशातून शेव काढून कडेले ठेवली. ताईनं पाह्यलं.

आम्ही मागं सरकून उभे राह्यलो. कावळे ढाब्यामागं होते, येत नव्हते. पाऊण घंटा झाला. ऊन तापलं. ताई पुटपुटायले लागली, "तिची काही इच्छा राह्यली असन. बोल जगदेव, कबूल कर काहीतरी." पोरीकडं पाहून म्हणली, "हिचं लगन म्हण." संस्कृतीनं मान खाली घातली.

मी पुढं गेलो. मोठ्यानं बोललो, लाज वाटली नाही. "नोव्हेंबरपासून तुले काही पोचलं नाही. मले माहीत होतं. मी तसाच घरी जात होतो. पोरीचं वरीस माझ्यापायी गेलं. आता जे आहे ते खरंखरं लिहीन." बस्स, एवढंच. दुसरं काही कबूल करण्यासारखं माझ्याजवळ नव्हतं.

परत येऊन उभा राह्यलो. किती वेळ गेला सांगता येत नाही. मंग एक कावळा आला, म्हातारा, पंखाची दोन पिसं गळालेला. पानाभोवती फिरला. पुरणाले शिवला नाही. शेव उचलली. ताई रडायले लागली, मीबी.

संस्कृतीनं बॅगेतून एक कोरा फॉर्म काढला अन् पेन दिला. "भरा, बाबा."

वेळ: अकरा वाजून दहा मिनिटं. किती: कावळा, एक. कुठं: दगडावर. काय खाल्लं: शेव. माणसाने दिलं का? हो.

असल्यास कोणी? ढाबेवाला, मासेमार, फिरायला आलेले, तिन्ही खोडले. बाजूले लिहिलं, नवरा.